तक्रारीचा प्रिंट
गरम प्रिंटच्या शाईचा वास आला की अजूनही माझं डोकं सटकतं. वीसेक वर्षांपूर्वी मी कोल्हापुरात एका फाउंड्रीच्या ऑफिसात होते, कंप्युटर नवाच आला होता. "बायकांनी तक्रार ईमेलवर करावी, नाव गुप्त राहील," अशी नोटीस लागली. फाईल घेताना मुद्दाम अंगाला हात लावणाऱ्या मॅनेजरबद्दल मी सगळं लिहून पाठवलं. पण आमच्याकडं स्क्रीनवर वाचतंय कोण? ऑपरेटर रोज सकाळी आलेल्या सगळ्या मेलचे प्रिंट काढून त्या मॅनेजरच्याच टेबलावर ठेवायचा. त्यानं मला बोलावून माझाच कागद माझ्यापुढं नाचवला. "टायपिंग लई झकास हाय की बाई तुमचं!" सगळं ऑफिस हसलं. परवा लेक म्हणाली, कंपनीत तक्रारीसाठी ॲप आलंय. "ते उघडतं कोण?" मी ओरडलेच. तिला माहीत नव्हतं.