दोरीवरची जर्सी

काल गुडघ्याला मलम चोळलं आणि त्या उग्र वासाने ओझरचं क्वार्टर आठवलं. आमचे हे कारखान्याच्या फुटबॉल संघात खेळायचे. मॅचच्या सकाळी घरभर हाच वास असायचा.

एका रविवारी मॅचहून आले ते थेट मोरीत जर्सी धुवायला बसले. जर्सीला मातीचा डागही नव्हता.

"अहो, स्वच्छ तर आहे."

"आज बाहेरच बसवलं मला. दोरीवर जर्सी दिसली नाही, तर सगळ्या कॉलनीला कळेल."

तेव्हा मला तो नुसता हट्ट वाटला. पाय साथ सोडायला लागले की माणूस काय काय लपवतो, ते आता जिना चढताना समजतं.

पुढच्या रविवारीही जर्सी कोरडीच आली. मीच ती भिजवली आणि रस्त्याकडच्या दोरीवर वाळत घातली.