टायरांवर ठेवलेली वॉटर स्कूटर

नाथसागराचं पाणी काठापासून इतकं मागं सरलं, की तिथं बोटी चालवणाऱ्या शेठनं आपल्या वॉटर स्कूटरी उचलल्या आणि त्यातली बंद पडलेली एक आमच्या दुकानासमोर जुन्या टायरांवर आणून ठेवली. आम्ही ट्रक-ट्रॅक्टरचे स्टार्टर दुरुस्त करणारे. जालना रोडला इमारती चढत होत्या आणि आमच्या गल्लीत टँकर आठवड्यातनं एकदा यायचा.

मी अजिंठ्याकडचा, आठवीत शाळा सोडलेला. चारा मिळेना म्हणून बापानं मेंढरं विकली आणि मी शहरात आलो. दुकानाचे मालक उस्ताद, त्यांनी काम शिकवलं, जेवू घातलं. ते उपकार मी विसरलेलो नाही. पण दुकानातल्या दुसऱ्या कारागिराला ते ‘इंजिनिअर साब’ म्हणायचे. तो माझ्याच वयाचा, आयटीआय झालेला. मी तारेला बोट लावून जे सांगायचो, ते तो मीटर लावून आकड्यात सांगायचा आणि गिऱ्हाईक मान डोलवायचं त्याच्याकडं बघून. मी जळायचो.

शेठ जाताना म्हणाले, “धंदा मालवणला नेतोय. ही जो चालू करील त्याला संगं नेतो. कायमचं काम.”

दुकानात कामं कमी होत चालली होती. दोघांतला एक कधीतरी घरी बसणार हे मला कळत होतं, आणि कोण बसणार तेही.

स्कूटरचं बटण दाबलं की आत टक् वाजायचं, बस. बॅटरी चार्ज केली, तरी तेच. इंजिनिअर साबनं मीटर लावला. “बॅटरी वोके, रिले वोके. स्टार्टर गेलाय. उतरवावा लागंल.”

तो जेवायला गेला तसं मी सीट उचललं. चार-पाच वेळा बटण दाबून एकेका जोडाला हात लावत गेलो. बॅटरीची निगेटिव्ह वायर इंजिनला जिथं कसलेली असते, तो बोल्ट कोमट लागला. वायरच्या टोकाखाली हिरवट भुकटी साचली होती. करंट तिथंच अडत होता. पाच मिनिटांचं काम.

मी सीट परत लावलं आणि गप्प बसलो. दुपारभर त्याला त्या अडचणीच्या जागेतनं स्टार्टर काढू दिला, तपासू दिला, परत बसवू दिला. त्याची बोटं सोलवटली. मला बरं वाटलं.

संध्याकाळी शेठ आले. मी म्हणालो, “मी बघू का?”

“बघ की,” तो म्हणाला.

“जाव, पहलवान,” उस्ताद हसले.

मी बोल्ट खोलला, पॉलिशपेपर मारला, कसला, बटण दाबलं. इंजिन धडाडलं. मी बंद केलं नाही. रेस देत राहिलो, इंजिनिअर साबच्या तोंडाकडं बघत. मग जळक्या रबराचा वास आला. तो धावला आणि हँडलजवळची लाल दोरी खसकन ओढून त्यानं इंजिन बंद केलं.

ही इंजिनं तळ्याचंच पाणी आत ओढून थंड होतात. जमिनीवर पाण्याची नळी लावल्याबिगर काही सेकंदांपलीकडं चालवायची नसतात. मला हे ठाऊक नव्हतं. आणि त्या साली दुकानातल्या पाण्याच्या ड्रमाला हात लावायची कुणाची छातीही नव्हती.

शेठचं तोंड उतरलं. इंजिनिअर साब रबरी पाइप चाचपून म्हणाला, “काय नाय झालं, शेठ. नळी मी लावायला पायजे होती. फॉल्ट ह्यानं काढला, ह्यालाच न्या.”

शेठ गेल्यावर रॉकेलनं हात धुताना मी विचारलं, “असं का बोल्लास?”

“मला कुठं जायचंय मालवणला? घर दोन गल्ल्यांवर, आई हाय. तू इचारलंस का कधी?” मग हसून म्हणाला, “आन् बोल्ट तुला दुपारीच घावला होता. सीटवर तुझी काळी बोटं उमटलीत. लई हलकट हायेस लेका.”

त्यानं हात पुसले आणि चहाला घरी गेला. मी गल्लीच्या टोकापर्यंत त्याला बघत राहिलो. मला मालवण मिळालं होतं, आणि त्याला कुठंच जायचं नव्हतं. जळणं थांबलं नाही.