लोणारच्या बाटलीतलं शिळं पाणी

माणसांपेक्षा शेवाळाचे चेहरे जास्त ओळखणारा माणूस अख्ख्या मुंबईत एकच होता, आणि तो डिलाईल रोडला आमच्याच खोलीत राहत होता. आम्ही बाकीचे कोकणातले, गिरणीतले. ते बुलढाण्याकडचे, कुठल्याशा कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला. सगळे त्यांना बाटलीवाले काका म्हणत. खिडकीत त्यांच्या दोन बाटल्या असत. एकीत लोणार सरोवराचं खारं पाणी, दुसरीत वडाळ्याच्या मिठागरातलं. दोन्हींतलं शेवाळ सूक्ष्मदर्शक दुर्बिणीखाली घालायचं आणि कुणाची पेशी लांबट, कुणाची अंड्यासारखी, कोण केवढी, ते वहीत काढायचं, हा दोन वर्षांचा नेम. महिनाअखेर ती जिवंत शेवाळं प्राध्यापकांना दाखवायची होती. वहिनींच्या खानावळीतसुद्धा ते आधी भाकऱ्या एकमेकींवर ठेवून बघत. "एकाच पिठाच्या ना वहिनी, मग ही लांबट का?" "जेवा मुकाट्यानं, नायतर उद्या चौकोनी थापीन!"

तेव्हा दारूबंदी होती. एकदा हवालदार झडतीला आला आणि लोणारची बाटली हुंगून नाक धरून जिना उतरला. काका दुखावले. "अहो, निदान एक थेंब बघून तरी जा!" म्हणत नाक्यापर्यंत त्याच्या मागे गेले.

मी चौथीत शाळा सोडलेला. खाडा पडेल का, आईचं पत्र का आलं नाही, हीच धास्ती. काकांनी मला दुर्बिणीला डोळा लावायला शिकवलं. मी काढलेल्या आकृतीखाली ते माझं नाव लिहीत. गिरणीच्या हजेरीशिवाय ते कुठं लिहिलेलं मी पाहिलं नव्हतं.

संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात काकांना पकडलं. जाताना म्हणाले, "गणू, बाटल्या सांभाळ रे." मी जिवापाड सांभाळल्या. गावी आई रोज सकाळी कळशीतलं शिळं पाणी ओतून ताजं भरते. मीही रोज वरचं शिळं पाणी ओतलं आणि नळाचं ताजं भरलं.

चार दिवसांनी काका सुटले ते थेट दुर्बिणीपाशी. "गणू! दोन्हीकडच्या पेशी गोल, एकाच मापाच्या! अरे, लोणार आणि मुंबई एक झाली!" खोलीभर घोषणा झाल्या. दोन दिवसांत मात्र दोन्ही बाटल्यांत जिवंत काही उरलं नाही.

"गोडं पाणी लागलं की या फुगतात, फुटतात," काका हळू म्हणाले. "पण गोडं पाणी घातलं कुणी?" त्यांनी खोलीतल्या एकेकाला विचारलं. मला सोडून.

लोणारचं पाणी आणतो म्हणून ते गावी गेले आणि तिकडेच मास्तर झाले. पाणी मी घातलं, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. अजून सकाळी कळशी उपडी करताना हात अडतो.