मधोमध कापलेला बोर्ड

मिडव्हेलच्या शाळांच्या बसगाड्या दुरुस्त करणारा डेल्मर टिंगी कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवील तर शपथ. ड्रायव्हर म्हणाला ब्रेक नीट आहेत, की डेल्मर आधी ब्रेकच उघडायचा. रेडिओवर हवामान सांगितलं, की तो अंगणात जाऊन वर बघून यायचा. दुकानातून मांस आणलं की घरी पुन्हा तोलायचा, आणि वजन बरोबर भरलं तर त्याला घरच्या काट्याचा संशय यायचा. त्याची बायको नेड्रा सांगायची, की लग्नात बिशपनं विचारल्यावर डेल्मर ‘हो’ म्हणाला खरा, पण म्हणण्याआधी एकदा तिच्याकडे आणि एकदा बिशपकडे नीट बघून घेतलं.

त्याचं स्नोबोर्डिंगही संशयातूनच सुरू झालं. मुलगी शॅली शाळेच्या शेवटच्या वर्षाला असताना दर शनिवारी एका लांब केसांच्या पोराबरोबर वर कॉटनवुडच्या दरीत जायला लागली. डेल्मरनं तिला अडवलं नाही. त्यानं दोन्ही पाय बांधून बर्फावरून घसरायचा एक बोर्ड भाड्यानं घेतला आणि त्याच डोंगरावर, तारेवरून वर नेणाऱ्या त्याच पाळण्यानं जाऊ लागला. चाळिशी उलटलेला माणूस, जन्मात कधी बर्फावर उभा राहिलेला नाही. तो हिवाळा त्यानं बहुतेक ढुंगणावर बसूनच काढला, पण पोरीवरची नजर हटू दिली नाही. वसंत यायच्या आत शॅलीला पोराचाही कंटाळा आला आणि बोर्डचाही. ती कॉलेजला लोगनला निघून गेली. डेल्मर मात्र जातच राहिला. आवडतं म्हणून जातो, असं त्यानं घरात कबूल केलं नाही. तो पोरगा आता दुसऱ्या कुणाची मुलगी आणतो का ते बघायला जातो, असं सांगायचा.

स्वतःचा बोर्ड घेताना त्यानं अख्खा ऑक्टोबर घालवला. दुकानातली पोरं जो बोर्ड पुढे करतील तो बाजूला ठेवायचा, कारण पुढे करतात म्हणजे तो खपत नसणार. प्रत्येक बोर्ड जमिनीवर टेकवून मधोमध गुडघ्यानं दाबून बघायचा, कडेच्या पोलादावरून नख फिरवायचा. बूट घेतले तेव्हा दुकानदाराकडून कबूल करून घेतलं की आठवडाभर घरात घालून बघणार, टाच उचलली गेली तर परत. मग रोज संध्याकाळी तो बूट आवळून टीव्हीसमोर बसायचा. शेवटी जो बोर्ड घेतला तो लांब, ताठ, रुंद नाकाचा, भुसभुशीत बर्फात न बुडणारा. त्या बोर्डवर त्याचा जीव होता. नेड्रा म्हणायची, माझ्या पाठीला कधी इतकं तेल चोळलं नाहीस जितकं याच्या पोटाला मेण चोळतोस.

आता नेड्राच्या धाकट्या भावाबद्दल सांगायला हवं. त्याचं नाव गार्न. गोड बोलणारा, हसतमुख, आणि सतत काही ना काही विकणारा. आधी पाणी शुद्ध करणारी यंत्रं, मग जीवनसत्त्वांच्या गोळ्या, मग कुठल्याशा फळाचा रस, जो प्यायल्यानं सांधे नव्यासारखे होतात म्हणे. चर्चमधल्या प्रत्येक घरानं त्याच्याकडून काही ना काही घेतलं होतं आणि प्रत्येक घराच्या तळघरात ते पडून होतं. डेल्मरच्याही होतं. रविवारी प्रार्थनेनंतर गार्न दिसला की लोकांना एकदम गाडीत काहीतरी विसरल्याचं आठवायचं.

एका नोव्हेंबरात हा गार्न डेल्मरकडे आला आणि म्हणाला, ‘तुझा बोर्ड मधोमध कापू या.’

डेल्मरनं हातातला पाना खाली ठेवला. गार्न समजावू लागला. बोर्ड लांबीत चिरायचा, दोन फळ्या करायच्या. प्रत्येक पायाला एक फळी. खाली केसाळ कातडी चिकटवायची, तिचे केस मागे झुकलेले असतात, त्यामुळे पाय पुढे सरकतो पण मागे घसरत नाही. असं चालत चालत डोंगर चढायचा, जिथं पाळणा नाही, गर्दी नाही. माथ्यावर कातडी काढायची, फळ्या परत जोडायच्या की झाला बोर्ड. जोडणीचं सगळं सामान टपालानं मिळतं. त्यानं स्वतःचा कापलाय.

डेल्मरनं विचारलं, ‘आणि हे सामान विकतं कोण?’

‘मी नाही,’ गार्न म्हणाला.

डेल्मरचा विश्वास बसला नाही. पण जीव अडकला. वर पाळण्याच्या रांगेत उभं राहून पलीकडचे कोरे उतार त्यानं कित्येकदा बघितले होते. बर्फाचे बूट घालून, बोर्ड पाठीला बांधून तिथं जायचा प्रयत्नही केला होता, आणि अर्ध्यात कंबरेपर्यंत रुतून परत आला होता. म्हणून तो गार्नच्या गॅरेजमध्ये गेला, पण आधी सगळं गॅरेज डोळ्यांनी तपासलं. रसाच्या बाटल्यांची खोकी होती, गोळ्यांची होती. जोडणीच्या सामानाचं एकही खोकं नव्हतं. ताडपत्रीखालीही नव्हतं. मग त्यानं गार्नचा कापलेला बोर्ड जोडून, वाकवून, दोन ओंडक्यांवर ठेवून त्यावर उभं राहून बघितलं. खोट सापडेना. खोट सापडत नाही म्हटल्यावर त्याला जास्तच काळजी वाटली.

शेवटी बोर्ड त्यानं स्वतःच कापला. गार्नच्या हातात करवत द्यायला तो तयार नव्हता. सरळ पट्टी शिकंज्यात आवळली, नाकापासून शेपटीपर्यंत रेघ मारली, पुसली, पुन्हा मारली. करवत पोलादी कडेत शिरली तेव्हा जो किंचाळल्यासारखा आवाज झाला, त्यानं नेड्रा बाहेर आली. नवऱ्याच्या कपाळावर घाम बघून परत आत गेली. कापलेल्या कडेला त्यानं पाणी शिरू नये म्हणून राळ भरली. त्या आतल्या कडेला पोलाद नाही, कडक बर्फावर ती धरणार नाही, हे त्याच्या तेव्हाच लक्षात आलं. गार्नला म्हणाला तर गार्न लगेच ‘खरं आहे’ म्हणाला. हेही संशयास्पदच. इतक्या वर्षांत गार्ननं आपल्या मालाची खोट कधी कबूल केली नव्हती.

उतारावरचा बर्फ कोसळला तर त्याखाली गाडल्या गेलेल्या माणसाला शोधायचं एक यंत्र गळ्यात घालायचं असतं. एकाचं यंत्र टिकटिकतं, दुसऱ्याचं ते ऐकतं. गार्ननं दोन आणली. डेल्मरनं एक नेड्राला दिलं आणि मागच्या अंगणात बर्फात कुठंही पूर म्हणून सांगितलं. मग तो दुसरं घेऊन शोधू लागला. टिकटिक कधी कुंपणाकडून यायची, कधी दारातून, कधी थेट मागून. बराच वेळ फिरून तो घरात आला आणि म्हणाला, ‘बिघडलेलं यंत्र दिलंय तुझ्या भावानं.’ नेड्रानं ॲप्रनच्या खिशातून आपलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. थंडीत खणायचा तिला कंटाळा आला होता, आणि ती आपली कपडे वाळत घालत फिरत होती.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी उजाडता उजाडता दोघं गार्नच्या ट्रकमधून निघाले. दरीचा रस्ता वळणावळणाचा, दोन्हीकडे बर्फाच्या भिंती. गार्न गप्प होता. डेल्मरला हे गप्प राहणं सहन होईना. गार्न गप्प म्हणजे मोठं काहीतरी शिजतंय. बहिणीच्या नवऱ्याला एकट्याला डोंगरात गाठून, चढणीवर दमवून, मग नवीन काहीतरी गळ्यात मारायचं, असा बेत असणार. तिथं गाडीत काही विसरल्याचं निमित्तही चालणार नव्हतं.

चढणीला लागले. कातडी लावलेल्या फळ्या खरंच मागे घसरत नव्हत्या. डेल्मरनं पहिल्या चढावर मुद्दाम वजन मागे टाकून बघितलं आणि नाइलाजानं मान डोलावली. देवदारांतून वाट वर वर जात होती. फक्त श्वास आणि फळ्यांची सरसर. एका आडव्या कडक पट्ट्यावर त्याची आतली कड सुटली आणि तो झाडापर्यंत घरंगळत गेला. गार्न खाली आला, हात दिला, कसं टाकायचं पाऊल ते दाखवलं आणि पुन्हा गप्प.

एका ओंडक्यापाशी विसाव्याला थांबले. गार्ननं पिशवीत हात घातला तेव्हा डेल्मर सावरून बसला. आता छापील कागद निघणार. निघालं ते सँडविच आणि गरम चॉकलेटचा थर्मास.

थोड्या वेळानं गार्न म्हणाला, ‘लोकांचा तुझ्यावर विश्वास असतो, डेल्मर.’

झालं. प्रत्येक वेळी सुरुवात अशीच व्हायची. डेल्मरनं घोट गिळला आणि वाट बघू लागला. पण गार्ननं थर्मासचं झाकण लावलं, तोंड पुसलं आणि उठला.

झाडं संपली आणि समोर तो उतार आला. मोठी वाटीसारखी उतरती खोलगट जागा, उन्हात झगमगणारी, एकही रेघ न उमटलेली. डेल्मर बघतच राहिला. इतक्यात पायाखालून धप्प असा आवाज आला, जणू सबंध डोंगर इंचभर खाली बसला. गार्न जागीच थांबला. मग झाडांच्या आडोशाला, सपाट जागी, फावडं काढून कंबरेइतका खड्डा खणला. भिंतीतून बर्फाचा एक खांब सुटा केला आणि त्यावर फावडं ठेवून हातानं थापट्या मारल्या. फार मारायला लागल्या नाहीत. वरचा सगळा थर टेबलाचा खण ओढावा तसा पुढे सरकला. खाली साखरेसारखे सुटे, कोरडे दाणे होते.

‘वर नाही जायचं, हा थर सुटला तर सगळा उतार अंगावर येईल,’ गार्न म्हणाला. ‘बाजूच्या धारेवरून झाडांतून उतरू या.’

डेल्मरचा संताप झाला. बोर्ड कापून घेतला, घाम गाळून इथवर आणलं आणि आता माल दाखवून दुकान बंद? त्यानं विचारलं, दमलास का? काही तुटलंय का? का घरी कुणी गिऱ्हाईक यायचंय? एवढ्यात खालून तीन तरुण पोरं भराभर चढत आली, हात हलवून पुढे गेली आणि खोलगटीच्या वरच्या कडेकडे वळली.

‘बघ,’ डेल्मर म्हणाला. ‘ते चाललेत.’

‘चालले असतील.’

‘मग खरं काय ते सांग. तू मला इथं कशाला आणलंस?’

गार्ननं फावडं दुमडून पिशवीत घातलं. डेल्मरकडे न बघता म्हणाला, ‘तुला आजवर जे जे विकलं ना मी, त्यातलं मला स्वतःला काही कळत नव्हतं. पाण्यातलं नाही, गोळ्यांतलं नाही. छापलेलं वाचून दाखवायचो. हे मला कळतं. आणि इथं एकट्यानं यायचं नसतं. सगळ्यांना फोन करून झाले. माझा आवाज ऐकला की लोक म्हणतात, आता नको, जेवायला बसलोय.’

या बोलण्यातही काही आत दडलंय का ते डेल्मर चाचपून बघत होता. काही हाती लागेना.

धारेवर त्यांनी फळ्या जोडल्या. खाचेत बर्फ गोठल्यामुळे डेल्मरच्या फळ्यांच्या जोडणीची खीळ बसेना. फुंकर मारली, ठोकली, शेवटी थर्मासमधलं उरलेलं गरम चॉकलेट ओतलं. उतरताना बोर्ड मधून उघडेल या भीतीनं पहिली काही वळणं त्यानं पायांकडे बघतच घेतली, आणि एका झाडाखालच्या खळग्यात तोंडावर पडला. बोर्ड उघडला नव्हता. मग तो समोर बघायला लागला. झाडांमधला बर्फ पिठासारखा होता, दोन फळ्यांमधल्या फटीतून एक बारीक फवारा सारखा त्याच्या गुडघ्यावर उडत होता. खाली पोचला तेव्हा तो हसत होता, पण गार्न वळला तसं त्यानं तोंड मिटलं.

ट्रकपाशी सामान आवरताना त्यांना वरून आरोळ्या ऐकू आल्या. ती तीन पोरं खोलगटीतून एकामागून एक सुरेख वळणं घेत उतरली होती. काही सुटलं नाही, काही कोसळलं नाही. तीन लांब रेघा तिथं तशाच चमकत होत्या.

‘काही झालं नाही त्यांना,’ डेल्मर म्हणाला.

‘नाही. बरं झालं,’ गार्न म्हणाला आणि गाडी सुरू केली.

तो आठवडा डेल्मरला जड गेला. बसखाली आडवा पडून तो त्याच गोष्टीचा विचार करायचा. ब्रेक खराब म्हणावेत तर उघडून दाखवता येतात. हा उतार उघडून दाखवता येत नाही. गार्न खरा होता म्हणावं, तर पोरं सुखरूप आली. खोटा म्हणावं, तर तो सरकलेला थर त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितला होता. पेपरात रोज दरीतल्या बातम्या बघितल्या. कुठं काही कोसळल्याचं नव्हतं. नेड्राला विचारलं, तुझा भाऊ भित्रा आहे का? ती म्हणाली, ‘लहानपणी गॅरेजच्या छपरावरून उडी मारून दोन्ही मनगटं मोडून घेतली होती त्यानं. भित्रा असता तर बरं झालं असतं.’ याचाही काही उपयोग झाला नाही.

गुरुवारी त्यानं गार्नला फोन लावला. शनिवारी कुठं जायचं म्हणून विचारलं.

गार्न म्हणाला, ‘का? काय झालं? नेड्रानं सांगितलं का तुला फोन करायला?’

‘कुणी नाही सांगितलं.’

‘मग?’

‘माझी मागची खीळ सैल आहे. तुझ्याकडे बारीक गिरमिट असेल तर घेऊन ये,’ डेल्मर म्हणाला आणि फोन ठेवला.

त्या शनिवारी वारा इतका होता की ट्रकमध्ये बसून चॉकलेट पिऊन ते परत आले. पुढच्या खेपांनाही गार्न खड्डा खणायचा, आणि डेल्मर त्याच्या शेजारी आपला वेगळा खणायचा. कधी दोघांचं एकमत व्हायचं, कधी नाही. नाही झालं की धारेवरून उतरायचं, हे न ठरवताच ठरून गेलं.

खोलगटीत ते उतरले एप्रिलच्या अखेरीला, रात्रीच्या थंडीनं बर्फ घट्ट बसलेला आणि सकाळच्या उन्हानं वरचा थर जेमतेम मऊ झालेला असताना. एका वेळी एकच जण, असा नेम. डेल्मरनं गार्नला पुढे जायला सांगितलं, तो पार खाली झाडांत पोचून हात वर करेपर्यंत वाट बघितली आणि मग स्वतः निघाला.

खाली आल्यावर गार्ननं विचारलं, कसं वाटलं? डेल्मर म्हणाला, ठीक होतं. मग चष्मा पुसून तो बराच वेळ वर त्या दोन रेघांकडे बघत उभा राहिला, कुणाची वळणं जास्त सारखी आली आहेत ते तपासत. गार्नची आली होती. डेल्मर म्हणाला की इथून उजेडामुळे नीट कळत नाही, आणि खाली बसून बुटांच्या नाड्या सोडू लागला.