अर्जाआधीचं अभिनंदन

व्हर्लिन झास्ट्रो हा ऑटर फोर्क गावचा बर्फ सारणारा. हिवाळाभर ट्रकला पुढे भलंमोठं पातं लावून तो रस्ते मोकळे करी आणि उन्हाळाभर त्याच रस्त्यांवरचे खड्डे बुजवी. हे खड्डे त्याच्याच पात्यानं पडतात असं गावाचं म्हणणं होतं आणि त्यानं ते कधी खोडून काढलं नव्हतं. शिवाय ल्यूथरन चर्चच्या अंगणातल्या उंच फलकावर अक्षरं लावायचं काम त्याच्याकडे होतं. टोकाला रबरी वाटी लावलेली लांब काठी घेऊन तो एकेक काळं अक्षर वर चढवी. 'रविवारी प्रार्थना नऊ वाजता', 'शुक्रवारी तळलेले मासे पाचपासून', असा मजकूर. त्यात स्वतःचं डोकं चालवायची गरज नसे, म्हणून ते काम वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललं होतं.

विस्कॉन्सिनच्या त्या भागात स्वतःच्या पोराचं कौतुक करायची पद्धत नाही. कुणाच्या गाईला जत्रेत पहिलं बक्षीस मिळालं तर मालक बुटाकडे बघत म्हणतो, "वाईट नाही." नवरी कशी दिसतेय असं विचारलं तर नवरदेवही हेच म्हणतो, आणि नवरी ते ऐकून सुखावते. याच्या वरची पदवी ऑटर फोर्कमध्ये नाही.

अशा गावात व्हर्लिननं जे केलं ते त्याच्या सात पिढ्यांत कुणी केलं नसेल.

त्याची मुलगी लिनिया हुशार होती. राज्याच्या विद्यापीठात इंजिनिअरिंगला तिला प्रवेश मिळालेलाच होता. पण त्याच विद्यापीठात एक खास ऑनर्स कार्यक्रम होता. इंजिनिअरिंगच्या निवडक मुलामुलींना एका वसतिगृहात ठेवायचं, प्राध्यापकांच्या पंगतीला बसवायचं आणि वर्षभर त्यांच्याकडून काहीबाही बनवून घ्यायचं. लिनिया त्याबद्दल बोलताना ताटातलं जेवण विसरायची. मार्च महिन्यात एके दिवशी ती शाळेत असताना विद्यापीठाचं जाडजूड गुळगुळीत पाकीट आलं. व्हर्लिननं ते उघडलं. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'अभिनंदन, लिनिया! आमच्या ऑनर्स कार्यक्रमासाठी तुझी निवड झाली आहे.'

खाली बारीक अक्षरांत 'अर्ज करण्यासाठी' वगैरे बरंच काही होतं. पण व्हर्लिन तोवर काठी घेऊन चर्चकडे निघाला होता.

'ऑनर्ससाठी लिनियाची निवड झाली!' असा तो फलक लिनियानं शाळेच्या बसमधून पाहिला. साऱ्या बसनं पाहिला. घरी येऊन तिनं पाठीवरची पिशवी खाली टाकली.

"बाबा, ते काय लावलंयस?"

"वाईट नाही ना?" व्हर्लिनच्या चेहऱ्यावर उजेड मावत नव्हता.

"बाबा, ते अर्ज करायचं आमंत्रण आहे. बरे मार्क पडलेल्या सगळ्यांना येतं. बेकी क्रूगरलाही आलंय, आणि ती नर्सिंगला चाललीय!"

व्हर्लिननं पाकीट पुन्हा वाचलं. या वेळी शेवटपर्यंत. मग ते उलटं करून पाठीमागेही पाहिलं, तिकडे काही सुटकेची सोय आहे का म्हणून.

"काढून टाकू?"

"आता?" त्याची बायको कोरिन ओट्यापाशी उभी होती. तिथं शेजारणींनी आणलेले केक मांडले होते, आणि लिंबाच्या जेलीत किसलेलं गाजर घातलेलं आर्लिसबाईंचं ते प्रसिद्ध सॅलडही होतं. "आर्लिसनं पोरीसाठी रजई शिवायला घेतलीय. निळ्या रंगाची. जा, सांग तिला."

व्हर्लिन गेला नाही. "हे बघ लिनिया," तो म्हणाला, "तू अर्ज कर. तुला घेतील. मग फलकावरचं खरं होईल. आपण थोडं लवकर लावलं, एवढंच."

लिनियानं बापाकडे पाहिलं आणि वर गेली. त्या पाहण्यापेक्षा तिनं आरडाओरडा केला असता तर बरं, असं त्याला वाटलं.

तिनं अर्ज भरला, दोन निबंध लिहिले. उरली ती विज्ञानशिक्षकाची शिफारस. ती मागायला ती प्रॉख्नो सरांकडे गेली, तर सर हसत सुटले.

"अगं, झालेल्या गोष्टीला शिफारस कशाला? वाचला की फलक मी! आता खोलीची किल्ली द्यायलाही शिफारस मागतात काय?"

आणि लिनिया म्हणाली, "हो ना सर. चुकून विचारलं."

हे व्हर्लिनला कळलं ते कोरिनकडून, बटाटे सोलता सोलता.

"मुदत शुक्रवारची आहे," ती म्हणाली. "आणि ती सरांना खरं सांगत नाहीये."

"का पण?"

"मीही हेच विचारलं. म्हणाली, बाबाला रोज त्या फलकासमोरून, गावादेखत ट्रक न्यावा लागतो."

व्हर्लिननं हातातला बटाटा एवढा सोलला की शेवटी त्याचा आवळा झाला.

दुसऱ्या दिवशी तो सरांच्या दाराशी ट्रक घेऊन गेला आणि त्यांचं अंगण साफ केलं. मग पुन्हा केलं. नंतर बर्फच उरला नाही, तेव्हा त्यानं थोडी हिरवळ सारली. आवाज ऐकून सर बाहेर आले, खिडकीतून हात घालून त्यांनी त्याचा हात दाबला आणि म्हणाले, "पोरगी वाईट नाही, व्हर्लिन. अजिबात वाईट नाही." दोनदा! त्यानंतर माणसानं तोंड उघडायचं कसं? त्यानं ट्रक मागे घेतला, तो थेट सरांच्या कुंपणावर.

शुक्रवारी चर्चच्या तळघरात मासे तळायचा कार्यक्रम होता. रांग पायऱ्या चढून अंगणात, पार फलकापर्यंत आली होती. खाली कढईपाशी प्रॉख्नो सर पिठानं माखलेले उभे होते आणि लिनिया कोबीचं सॅलड वाढत होती. व्हर्लिन आत शिरताच रांगेतून आवाज आला, "वाट द्या रे, फलकवाले आले!" सरांनी त्याच्या ताटात एक तुकडा जास्त टाकला.

"सर, एक सांगायचं होतं..."

"लिंबू? तिकडे टेबलावर."

"लिंबू नाही. ते, म्हणजे..."

"ब्रेड पण तिकडेच. पुढे सरक बाबा, लोक खोळंबलेत!"

व्हर्लिननं लिनियाकडे पाहिलं. तिनं घाईघाईनं मान हलवली: नको, बाबा. आपल्याला वाचवायला पोरगी स्वतःचा अर्ज बुडवतेय, तेही हातात कोबीचा डाव घेऊन, हे त्याला तिथं उभ्या उभ्या दिसलं. त्याचे कान तापले. तो ताट घेऊन वर आला, ते अंगणातल्या बर्फाच्या ढिगावर ठेवलं आणि खोपटातून काठी आणली.

"इस्टरचं लावतोयस का?" रांगेतून कुणीतरी विचारलं.

जुनी अक्षरं एकेक करून बर्फात पडली. मग नवी चढू लागली. घाईत ओळ तिरकी जात होती. पहिली ओळ पुरी झाली तशी रांगेतली कुजबुज थांबली. दुसरी झाली तसे लोक बुटांकडे बघू लागले. ऑटर फोर्कमध्ये दुसऱ्याची लाज बघणं हेही असभ्यच.

'लिनियाची निवड झालेली नाही. तिचा अर्जही अजून गेलेला नाही. मी पत्र पुरतं वाचलं नाही. व्हर्लिन.'

आणि खाली, काढायची राहिलेली जुनी ओळ: 'मासे पाचपासून'.

प्रॉख्नो सर पिठाच्या हातांनी वर आले, त्यांच्यामागे लिनिया. सरांनी फलक वाचला, चष्मा पुसला, त्यामुळे तो जास्तच माखला.

"मुदत कधी?"

"आज," लिनिया म्हणाली.

"आज! आणि मला 'चुकून विचारलं' म्हणतेस, गाढवे? पास्टर, तुमचा कॉम्प्युटर उघडा. आणि ती कढई सांभाळा!"

चर्चचे पास्टर रोगे यांनी कढई सांभाळली. त्या शुक्रवारचे उरलेले मासे गावाला अजून आठवतात.

अंगणात बापलेक उरले. "ओळ तिरकी आहे," लिनिया म्हणाली.

"हो."

"आणि तुझे मासे गोठले." तिनं ढिगावरचं ताट उचललं आणि त्याच्या हातात दिलं. तो मान वर करेपर्यंत ती सरांच्या मागे गेलीही होती.

व्हर्लिनला फलक दुसऱ्याच दिवशी उतरवायचा होता. पास्टरांनी काठी खोपटात कुलूपबंद केली. "इस्टरपर्यंत राहू दे. उपवासाचे, चुका कबूल करायचे दिवस आहेत. इतकी वर्षं मी जे बोलतोय, ते लोक पहिल्यांदाच थांबून वाचताहेत." व्हर्लिन रोज तिथून ट्रक नेई, तोंड दुसरीकडे फिरवून. त्यात आर्लिसबाईंची टपालपेटी दोनदा आडवी झाली.

एप्रिलमध्ये पाकीट आलं. व्हर्लिननं ते फ्रीजवर ठेवलं आणि लिनिया येईपर्यंत त्याच्याकडे पाठ करून बसला. तिनं उघडलं, वाचलं, आणि ती उड्या मारू लागली.

"थांब," तो म्हणाला. "खाली बारीक अक्षरांत काय आहे?"

तिनं पूर्ण पत्र मोठ्यानं वाचलं, अगदी शेवटच्या फोन नंबरापर्यंत. नंबर त्यानं पुन्हा वाचायला लावला.

दुसऱ्या दिवशी तो आर्लिसबाईंची पेटी ठोकून सरळ करत होता. त्या रजई काखेत मारून बाहेर आल्या.

"काय झालं रे पोरीचं? घेतलं का?"

व्हर्लिनचे कान पुन्हा तापले. त्यानं खिळ्यावर एक हातोडी मारली, मग आणखी एक.

"वाईट नाही," तो पेटीकडे बघत म्हणाला, आणि ट्रकमध्ये जाऊन बसला.