आईबाबा ताईला बघून आले

आमच्या बुरोंडीत मुलीचं पहिलं बाळंतपण माहेरी होतं. त्यामुळे कॅनडातल्या माझ्या मोठ्या बहिणीने फोनवर "मी नाही येत, तुम्ही दोघंच इकडे या," असं सांगितलं, तेव्हा आईला आनंद व्हायच्या आधी संशय आला. फोन ठेवला. मग म्हणाली, "तो सोडत नसंल तिला."

तो म्हणजे माझे भावोजी. लग्न झालं आणि महिन्याभरात दोघं निघून गेली, त्यामुळे आमच्यापैकी कुणीच त्यांना नीट ओळखत नव्हतं.

बाबा होडीवर जातात, आई दापोलीच्या बाजारात मासे विकते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. चिपळूणला हॉस्टेलवर राहते. त्यामुळे इंग्रजीतलं काहीही आलं की ते माझ्यापुढे येतं, आणि मला ते कळतच असणार असं घरी धरून चालतात. ताईबद्दलचे प्रश्नही मग मलाच विचारले जाऊ लागले.

व्हिडिओ कॉलवर ताई नेहमी एकाच भिंतीसमोर बसायची. कुजबुजल्यासारखी बोलायची आणि मध्येच मागे वळून बघायची. घर दाखव म्हटलं की "नंतर" म्हणायची. आई म्हणायची, "आपल्या घरात एवढ्या हळू कोण बोललंय कधी?" ते खरंच होतं. समुद्राच्या आवाजावर बोलायची सवय असल्यामुळे आमचं साधं बोलणंही बाहेरच्यांना भांडण वाटतं.

त्यात शेजारच्या काकीने भर घातली. "तिकडं आईबापाला बघायला नाय बोलवत गो. पोर सांभाळायला बोलवतात. फुकटची बाई."

"पोर माझ्याच लेकीचं हाय, सांभाळीन," आई तिथल्या तिथे म्हणाली. पण रात्री जेवताना तिने मला हळूच विचारलं, "असं असतं काय गो?" मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं, तर तिला वाटलं मी काहीतरी लपवतेय.

भावोजींनी व्हिसासाठी पासपोर्टच्या सगळ्या पानांचे फोटो मागितले, तेव्हा बाबांची पाळी आली. "कोऱ्या पानाचा फोटो कशाला पायजे त्याला?" मी "लागतो" एवढंच म्हटलं. मग तिकिटं आली. त्यात दोघांसाठी व्हीलचेअर मागितलेली होती. मी ते वाचून दाखवल्यावर बाबा ताठ बसले. जन्मभर जाळी ओढलेला माणूस.

"मला लंगडा लिवलाय त्याने?"

"तसं नाही, बाबा. खुर्ची ढकलणारा माणूस बरोबर दारापर्यंत सोडतो. कुणाला काही विचारावं लागत नाही."

"मग माणूस मागायचा. खुर्ची कशाला मागितली?"

पावसाळा होता, होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होत्या, म्हणून बाबांना निघता आलं. मी त्यांना मुंबईला विमानतळापर्यंत सोडायला गेले. दारावर आईने मला बाजूला घेतलं. "बाळंत होऊ दे. मग तिला नि पोराला घेऊनच येते. तुझ्या बापाला बोलू नको." थोड्या वेळाने ती पाणी आणायला गेली, तेव्हा बाबा जवळ सरकले. "काय सांगत होती?"

"काही नाही."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मीही आता आईच्या बाजूच्या लोकांत मोजली गेले.

प्रवासाची हकिगत नंतर तुकड्यातुकड्यांनी कळली. विमान बदलायचं होतं तिथे बाबा खुर्चीत बसलेच नाहीत. खुर्चीत आईची पिशवी बसली. ती ढकलणारा माणूस पिशवी घेऊन पळू नये म्हणून बाबा एक हात खुर्चीला धरून शेजारून चालत राहिले. विमानात दोघं एका वेळी झोपली नाहीत. होडीवर जसा एकजण जागा राहतो तशी त्यांनी पाळी लावली होती. जेवणातलं मटण कसलं ते कळेना, म्हणून दोघांनी पाव खाल्ला.

पोचल्यावर आईचा पहिला फोन न्हाणीघरातून आला. आता तीसुद्धा कुजबुजत होती.

"एकच खोली हाय गो. हा रात्री गोदामात कामाला जातो नि दिवसा झोपतो. म्हणून ती हळू बोलते."

मला एकदम हलकं वाटलं. "मग झालं तर."

"काय झालं? लग्नात कंपनीत हाय म्हणून सांगितलं होतं."

"गोदाम कंपनीचंच असेल ना."

"तू त्याच्या बाजूची कधीपासून झालीस?"

त्यानंतर रोज न्हाणीघरातून बातम्या येऊ लागल्या. तो गोड बोलतो, जरा जास्तच गोड. भांडी घासतो, पण आम्ही बघतोय म्हणून घासत असेल. ताईच्या हातात बांगड्या नाहीत. ती म्हणते, हात सुजतात म्हणून काढल्या. सुजलेत खरे, पण काढलेल्या बांगड्या आपण कुठे बघितल्यात?

एक दिवस आईचा आवाज बदललेला होता. "सापडलं," ती म्हणाली. भावोजींनी तिथल्या दुकानातून बर्फातले बांगडे आणले होते. ताईने कालवण केलं आणि वाढलं. नवऱ्याला मधल्या तुकड्या, आईबाबांना मधल्या तुकड्या, स्वतःला शेपट्या. दुसऱ्या दिवशीही तसंच, तिसऱ्या दिवशीही तसंच. "पोटुशी बाई शेपट्या चघळते नि तो समोर बसून मधलं खातो. बोलत नाय, बघत नाय. माणूस ताटात कळतो."

मला काही आठवलं, पण ते बोलावं की नाही हे ठरेना. मी नुसतं "हं" म्हटलं.

शेवटी आई बोललीच. भावोजी कामावर गेल्यावर तिने ताईला समोर बसवलं आणि सरळ विचारलं, "तुला इथे सुख हाय की नाय? तो तुला माहेरी का सोडत नाय?"

पुढचं मला ताईने सांगितलं. ती आधी हसली आणि मग चिडली. "त्यांनी नाही अडवलं. ते तर जा म्हणत होते. मीच नाही आले. आले असते तर तू मला परत पाठवलं असतंस?"

बाबांनी आईकडे बघितलं. विमानतळावर काय बोलणं झालं होतं, ते त्यांना तेव्हा कळलं असावं.

"आणि शेपटीचं म्हणशील तर," ताई म्हणाली, "आपल्या घरी तू दुसरं काय खाल्लंस कधी? मला वाटायचं, वाढते तिची शेपटीच असते."

"माझं वेगळं. पळी माझ्या हातात होती. मी माझ्या मर्जीने खायची."

"माझ्याही हातातच आहे की पळी."

बाबा म्हणाले, "मला काय ठावं. ताटात येतं ते मी खातो."

"तेच तर," आई म्हणाली.

ताईला मुलगी झाली. आईने तिकडेच शेक, तेल, मेथीचे लाडू सगळं केलं. भावोजींनी सुट्टी काढली होती. ते रात्री मुलीला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारायचे. हेही आईने मला संशयानेच सांगितलं, पण सांगितलं. निघायच्या दिवशी तिने दारात, भावोजींच्या देखत, ताईला म्हटलं, "पोर जरा मोठी झाली की ये. येताना परतीचं तिकीट काढूनच ये, म्हणजे तुझ्या जिवाला घोर नको."

आईबाबा दोघंच परत आली. मी चिपळूण स्टेशनवर घ्यायला गेले. आईला विचारलं, ताई कशी आहे. "बरी हाय," ती म्हणाली. मग पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "मारत नाय, उपाशी ठेवत नाय. माणूस तसा बरा हाय." थोडं चालल्यावर पुन्हा थांबली. "पळी हातात असून शेपटीच घेते. मला त्याचंच भ्या वाटतं." बाबा पुढे गेले होते, की ऐकून न ऐकल्यासारखं करत होते, मला सांगता येणार नाही.

गेल्या महिन्यात ताईने मला एकटीला फोन केला. यायचा विचार चाललाय म्हणाली. मग अडखळत विचारलं, "परतीच्या तिकिटाचं आई मनापासून बोलली, की ह्यांच्यासमोर बोलायचं म्हणून? मुलीला बघितल्यावर रडून धरून नाही ना ठेवणार?"

मी म्हटलं, मला सांगता येत नाही, विचारते. सुट्टीत घरी गेले तेव्हा आई मागच्या दारी पाटावर बसून मासे साफ करत होती. मी जसंच्या तसं विचारलं. तिने मान वर केली नाही.

"काढू दे आधी तिकीट," ती म्हणाली.