रिमोट उधव्यात राहिला

आधी माफी मागतो. जयूदादाला माझ्यापेक्षा जास्त वर्षं ओळखणारी, लिहिण्याचा सराव असलेली माणसं डहाणूत पुष्कळ आहेत. मी एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे, आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. छापायच्या मजकुरात काय लिहायचं असतं आणि काय नसतं, हे मला घरी कोणी सांगू शकत नाही. तरी लिहितोय, कारण जयूदादाबद्दल एक गोष्ट किनाऱ्यावर चुकीची सांगितली जाते, आणि खरी गोष्ट माहीत असलेल्या मोजक्या माणसांत मी आहे. फक्त ती सांगणं माझ्या एकट्याच्या हातात नव्हतं… म्हणून हा लेख इतके आठवडे उशिरा येतोय.

तो गेल्याचा फोन मला त्याच्याच नंबरवरून आला. मी उचलून म्हटलं, "बोल दादा." पलीकडे नलूवहिनी होती, त्याची बायको. दुकानात बसल्या बसल्या छातीत दुखायला लागलं, वापीला नेताना वाटेतच गेला. पन्नाशीही गाठली नव्हती. मी हॉस्टेलवरून निघालो तो थेट स्मशानात पोचलो. खाडीकाठच्या धाकट्या डहाणूची माणसं कमी होती. ज्या गावातली अर्धी लग्नं त्याने शूट केली, त्या गावातली. माझ्या मागे उभा असलेला एक जण दुसऱ्याला हळूच म्हणाला, "माणूस चांगला होता रे. पण तेव्हा मॅनेज झाला." मी मागे वळलो. तोंड उघडलं असतं तर माझ्या वडिलांचं नाव बाहेर पडलं असतं. मी पुन्हा चितेकडे बघत उभा राहिलो.

जयूदादाचं दुकान डहाणूच्या एसटी स्टँडजवळ. लग्न, हळद, साखरपुडा, बारसं, सगळ्याचं शूटिंग. डहाणू आणि तलासरी, दोन्ही तालुक्यांतून ऑर्डरी यायच्या. उधव्याला, आमच्या गावी, माझ्या आत्येबहिणीच्या लग्नाला तो आला होता, तिथे बाबांची आणि त्याची ओळख झाली. २०१४ ला मी अकरावीला डहाणूला जाऊ लागलो तेव्हा बाबांनी सांगून ठेवलं, बस मिळेपर्यंत जयूच्या दुकानात बसत जा, रस्त्यावर उभा राहू नको. तिथे बसून मी जे पाहिलं ते मला वर्गात मिळालेलं नाही. लग्नाची फिल्म तयार झाली की तो घरच्यांना बोलवायचा, टीव्हीसमोर बसवायचा आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रबर लावलेला रिमोट त्यांच्या हातात द्यायचा. "जिथं नको वाटेल तिथं दाबा." मग कोणी म्हणायची, "इथं माझी जाऊ रडायच्या ऐवजी हसतेय असं दिसतं, काढा." कोणी वरातीतला पिऊन नाचणारा मामा काढायला लावायचं. तो हुज्जत न घालता काढायचा. मी एकदा म्हटलं, "दादा, असं कापत गेलास तर लग्नच उरणार नाही." तो म्हणाला, "लग्न त्यांचं आहे. मी नुसता कॅमेरा धरलाय."

खाडीवरची फिल्मही एका हळदीतूनच सुरू झाली. धाकट्या डहाणूच्या एका नवरीची हळद तो टीव्हीवर बघत होता. गालाला हळद लावणाऱ्या बायकांचे हात जवळून दिसत होते. एकीच्या तळहाताची कातडी सोललेली, दुसरीच्या बोटांच्या बेचक्यांत फोड, तिसरीचे हात तसेच. त्याने चित्र थांबवलं आणि एकेक हात नीट बघितला. या सगळ्या खाडीच्या पाण्यात मासळी धुणाऱ्या बायका. वरच्या अंगाला ओहोळावर एक कारखाना आहे, त्याचं नाव मी लिहीत नाही. तो ओहोळ खाडीला मिळतो. त्या दिवसापासून लग्नाची ऑर्डर नसेल तेव्हा तो कॅमेरा घेऊन खाडीवर जाऊ लागला. माहितीपट हा शब्द तो वापरत नसे, "खाडीचं शूटिंग" म्हणे. सवयीने त्याने सुरुवातीला फिल्मच्या नावामागे, बायकांच्या हातांवर, गुलाबाच्या पाकळ्या उडवल्या होत्या. बायकांना दाखवलं तेव्हा हिरुमावशी, बोंबील सुकवणाऱ्यांत सगळ्यात तिखट तोंडाची, रिमोट दाबून म्हणाली, "माझ्या फोडांवर फुलं कशाला टाकतोस रे मेल्या? अजून जिवंत आहे मी." सगळ्या हसल्या. पाकळ्या गेल्या. हात राहिले, कारण हात राहू दे असं त्या म्हणाल्या.

माझे बाबा त्या कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला होते. आजही आहेत, म्हणजे हे लिहिताना तरी आहेत. २०१६ च्या उन्हाळ्यात कारखाना वाढवण्यासाठी जनसुनावणी लागणार असं कळलं आणि जयूदादाची धावपळ सुरू झाली. हात दाखवले तरी पाणी कुठून येतं ते कोण सांगणार? एका रविवारी तो उधव्याला आमच्याकडे जेवायला आला. बाबांच्या कामाबद्दल मी त्याला काही सांगितलं नव्हतं. जेवणानंतर बाबाच म्हणाले, "जयू, तुझा तो कॅमेरा लाव." अंगणात पाटावर बसून ते बोलले. "पाऊस आला का सुपरवायझर सांगतो, देवजी, मागच्या टाकीची चावी फिरव. टाकीतलं सगळं पावसाच्या पाण्याबरोबर जातं, कोणाला कळत नाही." जयूदादाने विचारलं, "चावी कोण फिरवतं?" बाबांनी कॅमेऱ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "मीच. दुसरा कोण?"

परत जाताना जयूदादाला आनंद लपवता आला नाही. धाकट्या डहाणूला जाऊन तो बोलून बसला, "आतला माणूस मिळाला." नाव नाही सांगितलं, पण तेवढं बोलणंच पुढे त्याच्या अंगाशी आलं. नियमाप्रमाणे आठवड्याने तो दुकानातला टीव्ही चादरीत गुंडाळून उधव्याला घेऊन आला. आमच्या ओटीवर लावला आणि रिमोट बाबांच्या हातात दिला. आई चुलीजवळून उठून दारात उभी राहिली. टीव्हीत बाबा बोलत होते आणि खाली बसलेले बाबा स्वतःकडे असे बघत होते, जसं कोणी अनोळखी माणूस घरात शिरलाय. "मीच," असं टीव्हीतले बाबा म्हणाले आणि खालच्या बाबांनी रिमोट दाबला. चित्र थांबलं, तोंड अर्धवट उघडं.

आई म्हणाली, "उद्या कामावरनं काढतील. ह्या पोराचं कॉलेज कोण करणार? आणि ते खाडीवरचे, ते काय सुपरवायझरला धरतील? चावी फिरवणाऱ्यालाच धरतील ना?"

जयूदादा म्हणाला, "वहिनी, रिमोट त्यांच्याकडे आहे."

मला वाटलं तो समजावेल, थोडा तरी आग्रह धरेल. सुनावणी तोंडावर आली होती. तो चादरीची घडी घालत बसला. शेवटी बाबा खाली बघत म्हणाले, "काढ."

"काढलं," जयूदादा म्हणाला. "पुसत नाही, देवजीभाऊ. पण तुम्ही सांगितल्याशिवाय कोणाला दाखवणार नाही." चहा न घेता त्याने टीव्ही गाडीत ठेवला. रिमोट बाबांच्या खिशातच राहिला. दुसऱ्या दिवशी मी तो दुकानात न्यायला निघालो आणि फोनवर तसं कळवलं, तर म्हणाला, "राहू दे तिथंच. बटण त्यांच्याकडेच असलेलं बरं." तेव्हापासून दुकानातला टीव्ही तो मागचं बटण पेनाच्या टोकाने दाबून चालवायचा.

सुनावणीच्या आधी धाकट्या डहाणूत, बोंबील सुकवायच्या जागेवर चादर बांधून फिल्म दाखवली. मी मागे बसलो होतो. फिल्म संपली तशी हिरुमावशी उठली. "काय रे जयू, आतला माणूस कुठं गेला? त्यालापण सुकत घातलास का?"

कोणी हसलं नाही. जयूदादा चादर सोडत होता. तो म्हणाला, "मावशी, तुझे हात दाखवायच्या आधी तुला विचारलं होतं ना?"

"विचारलंस."

"तसं त्यालाही विचारलं."

"मग?"

"मग काय… पिक्चर संपला."

"आमचे हात सगळ्या जगाला, आणि त्याचं तोंड झाकलेलं! किती मोठा शेठ आहे रे तो?"

तो शेठ सकाळी भाकरी बांधून टमटमला लटकत कामावर जातो, हे मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. जयूदादाने माझ्याकडे एकदाच पाहिलं. मी बसून राहिलो. सुनावणीत साहेब म्हणाले, हाताला खाज कशानेही येते. कारखान्याला परवानगी मिळाली. आणि किनाऱ्यावर बोलणं सुरू झालं की जयूने आतल्या माणसाचं शूटिंग कारखान्याला विकलं, मॅनेज झाला. धाकट्या डहाणूच्या ऑर्डरी पालघरच्या शूटिंगवाल्याकडे जाऊ लागल्या. जयूदादा कॅमेरा घेऊन खाडीवर जातच राहिला, आता त्याच्याशी कमी माणसं बोलत होती एवढंच. एकदा मी म्हटलं, बाबांना सांगतो लोक काय बोलतात ते. तो माझ्यावर पहिल्यांदाच चिडला. "खबरदार! त्यांना कळलं तर ते माझ्यासाठी हो म्हणतील. तसलं हो मला नको." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तू आधी बी.ए. तर हो."

त्यामुळे बाबांना काहीच माहीत नव्हतं. ते कामावर जात होते, पाऊस आला की दारात उभे राहून आभाळाकडे बघत होते. रिमोट देवाच्या फळीवर होता, तसाच पिशवीत. आई दिवाळीला फळी पुसायची तेव्हा तो उचलून पुन्हा तिथेच ठेवायची.

तो गेल्यावर मी लेख लिहायला घेतला तेव्हा अडलो. जयूदादाने सांगू नको म्हटलं होतं. पण जो दिसतो त्याने आधी बघायचं, हाही त्याचाच नियम, आणि माझ्या लेखात बाबा दिसत होते. बरेच दिवस घोळत राहिलो. शेवटी सुट्टीत घरी गेलो आणि लिहिलेलं त्यांना वाचून दाखवलं. स्मशानातलं ते वाक्य आलं तसा त्यांनी हात वर केला.

"थांब. हे कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात."

"कधीपासनं?"

"सुनावणीपासनं."

"आणि तो काय म्हणायचा?"

"काही नाही."

बाबा उठून दारात गेले. बाहेर ऊन होतं, बघण्यासारखं काही नव्हतं. पाठमोरेच ते म्हणाले, "ठेव तो कागद." पुढचं वाचू दिलं नाही. मी घडी करून बॅगेत ठेवला. बाबांचा तेवढा भाग गाळून लिहून पाहिलं, तर जयूदादा नुसता चांगला माणूस उरत होता, आणि ते वाक्य तसंच राहत होतं. मी हॉस्टेलला परत आलो. लेख द्यायचा नाही, असं ठरवलं.

काल दुपारी फोन वाजला आणि वर नाव आलं, जयूदादा. मागच्या वेळी त्या नंबरवरून काय ऐकलं होतं ते आठवून मला पटकन उचलवेना… उचलला तर आई होती. "डहाणूला आलोय, नलूबाईंकडे. ह्यांच्यासोबत."

बाबा कामावर गेलेच नव्हते. फळीवरचा रिमोट घेतला, धुतलेला शर्ट घातला आणि आईला म्हणाले, येतेस तर चल. नलूवहिनीला त्यांनी एवढंच सांगितलं, माझं ते शूटिंग लावा, आणि हात दाखवले होते त्या बायकांना बोलवा. हिरुमावशी आली, बाकीच्याही आल्या.

"मग?" मी विचारलं.

"मग टीव्हीत ते बोलले. हे खाली बसले होते. मांडीवर रिमोट. मी बघत होते, आता दाबतील, आता दाबतील… नाही दाबला."

"हिरुमावशी काय म्हणाली?"

"उठून ह्यांच्यासमोर येऊन बसली आणि तळहात पुढे धरले. बघ म्हणाली. ह्यांनी बघितले."

"आणि कामाचं?"

"ते उद्या कळेल. काय व्हायचं ते होईल." मागे बाबांचा आवाज आला, काही तरी म्हणाले. आईने फोन जवळ धरला. "म्हणतात, पोराला सांग, तो कागद पाठव. त्यातलं काही काढू नको."